आमगावच्या टाकीवरची ओली माती

सोमाजी उईके या माणसावर अन्याय झाला आहे. कधी — तर जपानची लढाई संपली त्या सालच्या दिवाळीनंतर, आमगावच्या मंडईच्या दिवशी, ऊन चढल्यावर. कुठे — आमगाव स्टेशनाच्या उगवतीला, सायडिंगला लागून असलेल्या पेट्रोल डेपोत. त्याच्यावर ठपका असा, की त्या सकाळी तो मोहाची पिऊन कामावर आला, टाकीची हवेची नळी त्याने ओल्या मातीने लिंपून टाकली, म्हणून टाकी फुगली, तिचा माथा उसवला, आणि मंडईला जमलेलं अख्खं गाव जळता जळता राहिलं.

खोटं आहे. नळी त्या सकाळी बंद झालीच नाही. ती दसऱ्याच्या आधीपासून बंद होती, आणि मॅनेजरच्या हुकमाने बंद होती. पण एक गोष्ट मॅनेजर खरी बोलतो — माती ओली होती. मीच ती या हातांनी काढली. ओलीच होती. ती ओली कशी झाली हे मी चौकशीत सांगायला लागलो, तेव्हा साहेबाने लेखणी खाली ठेवली आणि मला पाणी पिऊन घरी जायला सांगितलं...

म्हणून मासिकाच्या या पानावर आलो आहे. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचले, हे आधीच सांगून टाकतो. मी आमगावच्या मजूर सभेचा माणूस. करणी, चकवा, अंगात येणं — सगळ्यांविरुद्ध पत्रकं काढली, बाजाराच्या दिवशी उभा राहून वाटली. गावच्या भगताने एकदा माझ्या नावाने लिंबू कापून दारात टाकलं. मी ते धुतलं आणि सरबत करून प्यायलो. माय दोन दिवस बोलली नाही. असा माणूस आज तुम्हाला सांगतो आहे की त्याने भर उन्हात, शुद्धीवर असताना, जिचा पत्ता लागत नाही अशी एक बाई पाहिली. हसायचं तर हसा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे.

जागा नीट समजून घ्या. डेपोत एकच उभी लोखंडी टाकी, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी हात पुरणार नाही एवढी उंच. वर जायला एकच शिडी, तीही लोखंडी, भिंतीला जडवलेली. शिडीच्या बरोब्बर समोर मॅनेजरचं टिनाचं ऑफिस, म्हणजे चढणारा-उतरणारा कोणीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. सभोवती काटेरी तार. तारेच्या एका अंगाला रेल्वेची सायडिंग, दुसऱ्या अंगाला तो रस्ता जिथे मंडई भरते. टाकीच्या माथ्यावर दोन तोंडं. एक मापाचं झाकण, त्यातून काठी सोडून आत माल किती ते बघायचं. दुसरी हवेची नळी — वर जाऊन बगळ्याच्या मानेसारखी खाली वळलेली, तोंडाला बारीक जाळी.

ही नळी कशासाठी असते, हे मला माहीत होतं. मजुरांच्या जिवाच्या सुरक्षेवरचं एक इंग्रजी चोपडं सभेच्या कपाटात होतं, त्यावरून मी पत्रक तयार करत होतो. रिकामी टाकी रिकामी नसते. तिच्यात हवा असते आणि पेट्रोलची वाफ असते. खालून तेल भरत गेलं की ती वर ढकलली जाते, तिला बाहेर जायला वाट पाहिजे. वाट दिली नाही तर ती आपली वाट करून घेते, म्हणजे पत्रा फाडते. जाळी एवढ्यासाठी, की बाहेरची ठिणगी आत जाऊ नये. तेल काढताना उलटं, बाहेरची हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकी दाबलेल्या डब्यासारखी चेपते. इतकी साधी गोष्ट आहे. घरातल्या घासलेटच्या डब्यालासुद्धा आपण दोन भोकं पाडतो.

मग नळी बंद का केली? ऐका.

लढाईपासून पेट्रोल रेशनवर. थेंब न् थेंब वरच्या साहेबांना दाखवायचा. आणि पेट्रोल तर उडतं. टाकीत ठेवलं तरी रोज थोडं कमी भरतं. मॅनेजर — त्याचं नाव मी लिहीत नाही, प्रकरण चालू आहे — मूळचा गोंदियाचा, बोलतो हिंदी. आश्विनाच्या उन्हात तो नळीजवळ नाक नेऊन उभा राहिला आणि म्हणाला, माल तो यहीं से भाग रहा है. टाकीवर काम करणाऱ्या सोमाजीला त्याने हुकूम केला, इसको बंद करो.

सोमाजी सालेकशाकडच्या जंगलातला. त्याच्या गावी घरोघर मोह वेचतात, आणि लपून का होईना, गाळतात. मडक्यावर मडकं पालथं घालायचं, जोडाला भिजलेलं फडकं गुंडाळायचं, वरून चिकणमाती लिंपायची. फट राहिली की वाफ गेली, वाफ गेली की माल गेला. सोमाजीला मॅनेजरचं म्हणणं लगेच पटलं. त्यानेच सुचवलं, की बुचापेक्षा आमच्या भट्टीसारखं फडकं आणि माती बरी, तसूभर वाफ जात नाही. मॅनेजर खूश झाला. म्हणाला, जंगली का दिमाग देखो! नदीवरून चिकणमाती आणवली, तणसाचा भुसा मिसळला, आणि सोमाजीने आपल्या माईच्या हातचं काम आठवत नळीचं तोंड लिंपून दिलं. दोघांनाही वाटलं, भलं केलं.

हात सोमाजीचा होता, हे तो स्वतः नाकारत नाही. हुकूम कोणाचा होता, हे मॅनेजर नाकारतो. भांडण एवढंच आहे.

मधल्या दिवसांत काही झालं नाही, कारण लॉऱ्यांना माल देताना तेल नीट उतरत नाही म्हणून लोक मापाचं झाकण उघडून ठेवत. हवा तिथून आत जाई. मंडईच्या दिवशी मात्र मॅनेजरने त्या झाकणालाही कुलूप घातलं. मंडईत उंडगे-चोर येतात, कोणी वर चढून माल काढेल, ही त्याची भीती. आणि नेमकी त्याच सकाळी रेल्वेने तेलाची वाघीण सायडिंगला आणून लावली.

मंडई म्हणजे काय हे झाडीपट्टीबाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. दिवाळी झाली, हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान घरी आला, की गावोगाव एकेक दिवस मंडई. गोवारी लोक ढाल घेऊन नाचत येतात, दूरचे सोयरे भेटतात, पोरींची लग्नं तिथेच बोलली जातात, रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. त्या दिवशी नांगरही धरत नाहीत. आणि डेपोच्या मजुरांना सुटी नाही! वाघीण आली, उतरवा. मी हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन तारेपाशी गेलो तो याच रागात. पेट्रोलसाठी गेलो नव्हतो.

तारेला लागूनच मिठाईवाल्यांनी कढया मांडल्या होत्या. जिलबी तळली जात होती, चुली धडधडत होत्या. आत पंप चालू, वाघिणीतलं तेल टाकीत चढत होतं. पंपावर हिरालाल, माझ्या ओळखीचा, आमगावचाच. मी त्याला हाक मारून म्हटलं, मंडईच्या दिवशी कोणाच्या बापाचं काम करतोस? तो हसला. म्हणाला, "तुह्या बापाचं नाई, एवढं पक्कं. जिलबी आन, मंग भाषन दे."

तेवढ्यात टाकी बोलली.

दुसरा शब्द सापडत नाही. डम्म्... असा आवाज, जसा रिकाम्या पिंपावर कोणी मूठ मारावी. मग पुन्हा. मी वर पाहिलं. टाकीचा माथा, जो एरवी सपाट, तो पोळीसारखा फुगून आला होता. आणि बगळ्याच्या चोचीला हा एवढा मातीचा गोळा! तारेबाहेरून मी तो आधीही पाहिला होता, पण गांधीलमाशीचं घर असेल म्हणून सोडून दिला होता. त्या क्षणी चोपडं आठवलं.

मी तारेखालून आत घुसलो. पंप बंद कर म्हणून हिरालालला सांगितलं. मॅनेजर टेबलावरून उठून आला.

"लीडर साहब, ये डेपो है, तुम्हारी सभा का मैदान नहीं."

मी म्हटलं, हवेची नळी बंद आहे, टाकी फुटेल. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, दसहरे से बंद है, कुछ हुआ क्या? हे वाक्य हिरालालने ऐकलं, मी ऐकलं, वाघिणीपाशी उभ्या सोमाजीने ऐकलं. आज तो म्हणतो, मी असं बोललोच नाही.

हिरालालने पंप बंद केला, मॅनेजरला न विचारता. त्याचे उपकार. पण पंप थांबला तरी आत कोंडलेला दाब थांबत नाही. माथ्याच्या कडेला एक शिवण उसवली आणि बारीक आवाज सुरू झाला — स्स्स्... पाठोपाठ तो गोडसर, डोकं हलकं करणारा वास. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, खाली उतरते, जमिनीवरून सरपटत जाते. आणि जिकडे सरपटणार तिकडे चुली पेटलेल्या. आता मॅनेजरने वर पाहिलं. मी झाकणाची किल्ली मागितली. किल्ली त्याच्या खिशात होती. खिसा घेऊन तो फाटकाबाहेर धावला. मी खोटं लिहीत नाही — धोतराचा सोगा धरून धावला.

हिरालाल ओरडत मंडईकडे पळाला, की चुली विझवा, पाणी ओता. उरलो मी आणि सोमाजी. सोमाजीचं तोंड राखेसारखं झालेलं. तो शिडीकडे निघाला. मी त्याला मागे ओढलं.

"मी लिंपलं भाऊ, मीच काढतो," तो म्हणाला.

"तू खाली थांब. चक्कर आली तर मला धर," असं म्हणून मी पुढे झालो. त्याच्या अंगाला दारूचा वास नव्हता. मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोललो आहे, हे शपथेवर सांगतो. महिनाभराच्या उन्हात ती भुशाची माती विटेसारखी झाली असणार, हाताने निघणार नाही, म्हणून मी भिंतीला टेकलेली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलली. वर जायचं, दोन घाव घालायचे, गोळा फोडायचा — एवढाच विचार. लोखंडावर लोखंड आपटलं की काय उडतं हे चोपड्यात लिहिलं होतं. वाचलंही होतं. पण वेळ आली तेव्हा ते डोक्यात कुठेच नव्हतं.

वर पोहोचलो. आणि तिथे एक बाई बसली होती.

म्हातारी. उकिडवी बसलेली, नळीपाशी, जशी बाई चुलीपाशी बसते. विटलेलं हिरवं लुगडं, गुडघ्यावर ठिगळ. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. हातात पळसाच्या पानांचा दोना. त्यातलं पाणी ती थोडं थोडं मातीच्या गोळ्यावर सोडत होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी जिरवत होती. घाई नाही. त्या तापल्या पत्र्यावर तिचे पाय अनवाणी.

भीती वाटली का? नाही. मला राग आला. वाटलं, शेजारच्या भातगिरणीतली कोणी कामवाली आहे, मॅनेजरने हिलाही कामाला लावलं, तेही मंडईच्या दिवशी. मी म्हटलं, मावशी, उतरा आधी, इथे जीव जाईल. तिने मान वर केली नाही. मी सब्बल उचलली.

"ठोकतोस कायले?" ती म्हणाली. "भिजू दे."

आवाज वैतागलेला. घाईत असलेल्या पोराला चुलीवरचं झाकण उघडू न देणाऱ्या बाईसारखा. माझा हात तसाच थांबला. का थांबला, सांगता येत नाही. मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही, माझ्या मायला विचारा. पण सब्बल मी हळूच, आवाज न करता खाली ठेवली. तिने दोन्यातलं उरलेलं पाणी ओतलं.

"आता काढ. तोंड तिकडं कर."

मी तोंड वळवलं, म्हणजे वारा माझ्या पाठीकडून जाईल असा बसलो, आणि गोळ्यात बोटं घातली. लोण्यासारखी माती. आतपर्यंत. भुसा, फडकं, सगळं एका ओढीत हातात आलं. हुस्स्... करून नळीने जो श्वास सोडला तो अजून माझ्या कानांत आहे. तोंड तिकडे नसतं तर ती वाफ सरळ छातीत गेली असती. पायांखालचा पत्रा हळूहळू, कण्हत, खाली बसला. उसवलेल्या शिवणीचा आवाज कमी होत होत थांबला.

मी तिला म्हणायला वळलो... काय म्हणणार होतो ते आता आठवत नाही. तिथे कोणी नव्हतं.

माथ्यावर लपायला जागा नाही. उडी मारली तर हाडं मोडतील, आवाज होईल. एकच शिडी, आणि शिडीच्या मधल्या पायरीवर सोमाजी, मला धरायला हात वर करून उभा. मी त्याला विचारलं, बाई कुठून उतरली? तो म्हणाला, कोणती बाई? भाऊ, वास चढला, खाली या.

उतरलो. हातांना चिकणमाती, कोपरापर्यंत पाणी ओघळलेलं. गोळा मी वरून खाली टाकला होता, तो जमिनीवर फचकन् पसरला होता. सोमाजीने त्याला बोट लावलं आणि एकदम मागे सरकला. "हे तं वल्ली हाय," तो म्हणाला. "दसऱ्याची माती. वल्ली कशी?"

मंडई वाचली. चुलींवर लोकांनी कढयांतला पाकसुद्धा ओतला, एका मिठाईवाल्याने तर हिरालालला अजून क्षमा केलेली नाही. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. सगळं निवळल्यावर मॅनेजर परत आला. जमिनीवरचा ओला गोळा पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू झालेला मी पाहिला. संध्याकाळपर्यंत त्याने वर कळवूनही टाकलं, की माती ओली आहे, अर्थात आज सकाळीच लावली. लावणारा कोण? भट्टी लावणाऱ्या जातकुळीचा सोमाजी. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. पोलिसांनी त्याच्या गावी जाऊन घरातली मडकी फोडली. या लाइनवर कोणत्याही डेपोत, कोणत्याही मालधक्क्यावर त्याला उभं करत नाहीत. बायको तेंदूपत्ता तोडायच्या मजुरीच्या दिवसांची वाट पाहते. ज्या पाण्याने आम्ही वाचलो, त्याच पाण्याने सोमाजी बुडाला!

मी काय कमी शोध घेतला? तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी आधी स्वतःला म्हणून झालो आहे. पाऊस — दसऱ्यानंतर एक थेंब पडला नव्हता. दव — दवाने वरचा पापुद्रा ओला होतो, आतला गाभा नाही, आणि दिवस तर चढला होता. वाफ डोक्यात गेली, भास झाला — बरं, झाला असेल. पण भासाने विटेसारखी माती भिजते का? ती माती मॅनेजरने पाहिली, पोलिसांनी पाहिली, सरकारी कागदावर ती ओली आहे! गिरणीतल्या एकूण एक बायकांना मी भेटलो. तशी म्हातारी तिथे नाही. मंडईला आलेल्या गावांत फिरलो. हिरालाल एक सांगतो, शपथ घेऊन सांगतो. मंडईतून वळून त्याने टाकीकडे पाहिलं तेव्हा वर त्याला दोन डोकी दिसली. त्याला वाटलं, दुसरं सोमाजीचं. सोमाजी तर माथ्यावर चढलाच नव्हता.

गावात लगेच ठरलं, की गावदेवी मातामाय आली होती. भगत तर आता मला रस्त्यात नमस्कार करतो, तेवढं मात्र सहन होत नाही. मी त्याला म्हटलं, मातामायच्या लुगड्याला ठिगळ कशाला असेल? त्याने पुन्हा हात जोडले.

मग मला वाटलं, सोमाजीची माय असेल. तिच्याचकडून तो लिंपण शिकला, ती वारली त्याला पुष्कळ वर्षं झाली. भट्टी उघडताना ते लोक माती फोडत नाहीत, मडकं तडकतं म्हणून पाणी घालून भिजवतात, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. मी सालेकशाला त्याच्या घरी गेलो, म्हातारीचं वर्णन केलं, आणि विचारलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "माही माय असती तं तुम्हाले काऊन दिसली असती? मी शिडीवरच होतो. मले दिसली असती. अन् माह्या मायले गोंदन एकाच हाताले होतं."

निघताना तो जे म्हणाला ते मात्र लिहिलंच पाहिजे. सभेतल्या माझ्या मित्रांनी एक तोड सुचवली होती. चौकशीत एवढंच सांग, की पाणी मीच लोट्यातून वर नेलं. माती मी भिजवली. झालं, मॅनेजरची सगळी रचना कोसळते, सोमाजी सुटतो, म्हाताऱ्या बाईचं नावही घ्यायला नको. मी ते सोमाजीला सांगितलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं तो हो म्हणेल. त्याच्या जागी मी म्हटलं असतं.

त्याने विचारलं, "अन् तुमच्या हातात का होतं, भाऊ?"

"सब्बल."

"मंग?" तो म्हणाला. "ते नसती तं तुमी ठोकले असते. तुमी गेले असते, मी गेलो असतो, मंडईतले लेकरं गेले असते. आता तिलेच लपवता? नोको. माह्यासाठी नोको."

काम गेलेला, नाव गेलेला, घरातली मडकीसुद्धा गेलेली अशा माणसाने हे सांगावं! मी मान खाली घालून उठलो. आणि चौकशीत जसं झालं तसंच सांगितलं. साहेबाने लेखणी ठेवली, ते वर आलंच आहे.

मी अजूनही देव मानत नाही, भुतं मानत नाही, भगताला तर मुळीच मानत नाही. जे झालं त्याचा उलगडा माझ्याकडे नाही, आणि पुढेमागे होईल असं वाटत नाही. पण मी आभार मानतो. रोज मानतो. कोणाचे, हे न कळता मानतो, आणि माझ्यासारख्याला हे किती अवघड जातं ते तुम्हाला कळणार नाही. सकाळी मायच्या हातची भाकर तोडताना मनात येतं, ही भाकर मी खातो आहे. मंडईतली पोरं रस्त्याने जाताना दिसतात, थोडी वाढली आहेत. हिरालाल पंपावर शिव्या देतो आहे. हे सगळं कोणीतरी दोनाभर पाण्यावर राखलं. आणि तिने त्या बदल्यात काही मागितलं नाही... ना नारळ, ना कोंबडं, ना उपकाराचा शब्द.

आता मी मागतो.

सोमाजीची चौकशी पुन्हा उघडली आहे. नवे साहेब म्हणतात, माती मंडईच्या आधी तिथे होती असं सांगणारे चार लोक आणा, बाकी मी बघतो. बाई कोण होती ते त्यांना नको आहे. मलाही आता तुमच्याकडून ते नको आहे. दसरा ते दिवाळी आमगावच्या स्टेशनावरून तुमच्यातले कितीतरी जण गेले असतील. गाडी सायडिंगपाशी हळू होते. खिडकीतून ती टाकी दिसते, तिच्या माथ्यावरची नळी दिसते, नळीच्या तोंडाचा तो गोळा दिसत होता. तुम्ही पाहिला असणार. मीही पाहिला होता, आणि माशीचं घर समजून पुढे गेलो होतो.

पाहिला असेल तर तसं सांगा. या मासिकाच्या पत्त्यावर आपलं नाव-गाव लिहून कळवा, लिहिता येत नसेल तर अंगठा द्या, आणि तारीख पडेल त्या दिवशी गोंदियाला येऊन उभे राहा. ती साक्षीला येणार नाही. तुम्ही या.